हॉर्मोनसदृश संयुगे व नर प्राण्यांची जननक्षमता

शरीरातील अंतःस्रावी (वाहिनीविहीन) ग्रंथींमधून रक्तात मिसळणाऱ्या हॉर्मोनांसारखी क्रिया करणाऱ्या, त्यांच्या क्रियेला अटकाव करणाऱ्या किंवा त्यांच्या निर्मितीत बदल घडवून आणणाऱ्या संयुगांना स्थूलमानाने हॉर्मोनसदृश संयुगे म्हणतात. यांपैकी काही संयुगे औषध म्हणून हेतुपूर्वक तयार केलेली असतात, तर काही कीटकनाशकांच्या व प्लॅस्टिकच्या अंगी हा गुण अनपेक्षितपणे आढळून आलेला आहे. नराच्या जननक्षमतेवर त्यांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास दोन हेतूंनी झाला. पुरुषाने वापरावयाचे, परिणाम काढून घेता येण्याजोगे संततिप्रतिबंधक साधन शोधणे हा पहिला हेतू आणि माणसाच्या नकळत त्याच्या अन्नपाण्यात येणाऱ्या संयुगांपासून वंध्यत्वाचा धोका आहे किंवा कसे, हे ठरविणे हा दुसरा. हेतू भिन्न असले, तरी दोन्हींसाठी करावयाचा प्रयोग बहुतांशी एकच आहे. त्यामुळे हा इतिहासही एकत्रच पाहावा लागतो. महाराष्ट्रात या संशोधनाचे प्रमुख केंद्र मुंबईतील परळ येथे आहे.

पारंपरिक ज्ञान : वृषणाचा केवळ संततीशीच नव्हे, तर नराच्या संपूर्ण शरीराशी व स्वभावाशी संबंध आहे, हे पशुपालकांस फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, कल्याण–नगर रस्त्यावर वसलेल्या बेल्हे या गावचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. अशा बाजारात बैलाची पारख करताना दात पाहून तो आदत, दोनदाती, चारदाती की जुळलेला हे ठरवितात. त्याचबरोबर त्याचे वशिंड, मान व खांदा यांचीही बारकाईने पाहणी करतात. खोंड फार लहान वयात खच्ची केला, तर त्याचे वशिंड व मान भरत नाही आणि जू पेलण्यास आवश्यक ती ताकद येत नाही. उलट तो फार उशिरा खच्ची केला, तर आवरण्यास कठीण जातो. म्हणून अंग भरू लागल्यानंतर, पण नांगराला जुंपण्यापूर्वी खोंड बडविण्याची रीत पडली. हे काम पूर्वी वृषणाकडे जाणाऱ्या शिरा ठेचून करीत. पुढे पशुवैद्यांच्या बर्डिझो चिमट्याने त्याची जागा घेतली. नुकत्याच बडविलेल्या खोंडाकडून काही दिवसांपर्यंत गाय गाभण राहू शकते. याचे कारण शुक्राणू (पुं-जनन कोशिका) वृषणातून बाहेर पडल्यानंतर काही काळ वाहिन्यांत साठून राहतात, हे होय. हा विलंब लक्षात घेतल्याखेरीज प्रयोगशाळेतील कोणत्याही प्रयोगाचा अर्थ लावता येत नाही, हे पुढे दिसून येईल.

आयुर्वेदातही या संबंधाची जाण दिसते. सुश्रुतसंहितेतील वाजीकरणाच्या प्रकरणात बोकडाच्या वृषणांसह सिद्ध केलेल्या दुधाचा उपयोग सांगितला आहे. मात्र वृषणातील क्रियाशील द्रव्य पोटात घेतल्यास त्याचा बहुतेक भाग यकृतात नष्ट होतो, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

वृषणाच्या अंतःस्रावाचा शोध : या विषयातील पहिला शास्त्रशुद्ध प्रयोग जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ट आडोल्फ बेर्टोल्ट (१८०३–६१) यांनी १८४९ मध्ये केला. त्यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांचे वृषण पूर्णपणे काढून टाकले; उरलेल्यांच्या उदरपोकळीत स्वतःचे किंवा एकमेकांचे वृषण मोकळे सोडले. वृषण गमावलेले कोंबडे मंद व मऊ मांसाचे झाले, त्यांचे तुरे खुरटले. वृषणाचे रोपण झालेले कोंबडे मात्र आरवू लागले, झुंजू लागले व त्यांचे तुरे नेहमीप्रमाणे वाढले. शवविच्छेदनात रोपण केलेल्या वृषणास नवीन रक्तवाहिन्या फुटल्याचे, परंतु पूर्वीचे मज्जातंतू जोडले न गेल्याचे आढळले. त्यावरून वृषणाचा प्रभाव रक्ताच्या द्वारेच शरीरभर पोहोचत असला पाहिजे, असा निष्कर्ष बेर्टोल्ट यांनी काढला. हा निष्कर्ष काळाच्या पुढे होता. त्याकडे अनेक दशके दुर्लक्ष झाले.

शार्ल एद्वार ब्राउन-सेकार (१८१७–९४) यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परत आल्याचे पॅरिस येथे जाहीर केले. त्या जलीय अर्कात हॉर्मोनाचा अंश नगण्य असल्याने हा अनुभव मानसिकच होता, असे आज मानतात. तथापि या घोषणेमुळे विषयाला चालना मिळाली व त्याच वेळी भोंदू उपचारांचेही पेव फुटले. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली.

अर्कातील क्रियाशील द्रव्य किती आहे हे मोजण्यासाठी खच्ची केलेल्या कोंबड्याच्या तुऱ्याची वाढ हे माप वापरात आले. त्याच्या साहाय्याने शिकागो येथील फ्रेड कॉक व लेम्युएल मगी यांनी १९२७ मध्ये वळूंच्या सु. १८ किग्रॅ. वृषणांपासून केवळ २० मिग्रॅ. क्रियाशील अर्क मिळविला. आडोल्फ बूटेनांट (१९०३–९५) यांनी १९३१ मध्ये पुरुषांच्या सु. १५,००० लिटर मूत्रापासून १५ मिग्रॅ. अँड्रोस्टेरोन वेगळे केले. ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने १९३५ मध्ये वळूंच्या वृषणांपासूनच शुद्ध स्फटिकरूपात टेस्टोस्टेरोन मिळविले आणि त्याच वर्षी बूटेनांट व लेओपोल्ट रूझीच्का (१८८७–१९७६) यांनी कोलेस्टेरॉलापासून त्याचे संश्लेषण केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हॉर्मोन मिळविण्यासाठी आता खाटिकखान्यांवर विसंबण्याचे कारण उरले नाही व नवीन रेणू घडविण्याचा मार्ग मोकळा झाला.

परस्परनियंत्रण : नराला नर-हॉर्मोन दिल्यास त्याची जननक्षमता वाढेल, अशी अपेक्षा साहजिक होती. शिकागो येथील कार्ल मूर व डॉरोथी प्राइस यांना पांढऱ्या उंदरांत नेमके उलटे आढळले. हॉर्मोन टोचलेल्या उंदरांची अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथी व रेताशये वाढली. परंतु वृषण आक्रसले. १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी याचा उलगडा केला. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी वृषणाला चालना देते व वृषणाचे हॉर्मोन पोष ग्रंथीला आवर घालते. बाहेरून हॉर्मोन दिल्यास हा आवर जास्त होतो, पोष ग्रंथीची चालना थांबते व वृषण निष्क्रिय होतात. स्त्री-हॉर्मोनानेही हाच परिणाम घडतो. पोष ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांचे वृषण आक्रसतात, हे फिलिप स्मिथ यांनी यापूर्वीच दाखविले होते. [→ पोष ग्रंथी].

पुढील संशोधनाने या यंत्रणेतील दुवे एकेक करून स्पष्ट झाले. मेंदूतील अधोथॅलॅमस या भागापासून निघणाऱ्या एका लहान पेप्टाइडामुळे पोष ग्रंथीतून दोन हॉर्मोने स्रवतात. त्यांपैकी पीतपिंडकारक हॉर्मोन वृषणातील लायडिख कोशिकांना टेस्टोस्टेरोन तयार करण्यास लावते; पुटक-उद्दीपक हॉर्मोन रेतोत्पादक नलिकांमधील सेर्टोली कोशिकांवर क्रिया करते. या कोशिकांच्या आधारानेच शुक्राणूंची वाढ होते. अधोथॅलॅमसातील पेप्टाइडाची संरचना १९७१ मध्ये उलगडली व त्याबद्दल अँड्र्यू शाली व रॉझे गीयमँ यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

एक महत्त्वाची गोष्ट अशी की, वृषणाच्या आतील टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कित्येक पट असते आणि शुक्राणुनिर्मितीला हे आतील प्रमाणच आवश्यक असते. थोडे टेस्टोस्टेरोन बाहेरून दिल्यास रक्तातील पातळी टिकून राहते. पण वृषणाची स्वतःची निर्मिती थांबल्याने आतील पातळी घसरते. फार मोठी मात्रा दिल्यास मात्र बाहेरचे हॉर्मोनच आतपर्यंत पुरते व शुक्राणुनिर्मिती चालू राहते. म्हणजे मध्यम मात्रा घातक व मोठी मात्रा तुलनेने निरुपद्रवी, असा विपरीत क्रम येथे दिसतो. अधिक मात्रेने अधिक परिणाम हा विषशास्त्रातील नेहमीचा ठोकताळा हॉर्मोनसदृश संयुगांना सरसकट लागू करता येत नाही, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

संश्लेषित संयुगे : हॉर्मोनाची क्रिया करण्यासाठी त्याच्यासारखाच रेणू लागतो, ही समजूत लंडन येथील एडवर्ड चार्ल्स डॉड्झ (१८९९–१९७३) यांच्या संशोधनाने मोडीत काढली. त्यांनी १९३८ मध्ये डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे साधे, स्टेरॉइड नसलेले, पण स्त्रीमदजनाची (स्त्रीत्वकारक हॉर्मोनाची) प्रबळ क्रिया असलेले संयुग तयार केले. त्यांनीच १९३६ मध्ये बिस्फिनॉल-ए या संयुगातही अशी सौम्य क्रिया असल्याचे नमूद केले होते. औषध म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. मात्र पुढे तेच संयुग कठीण, पारदर्शक प्लॅस्टिकाचा व डब्यांच्या आतील लेपाचा घटक म्हणून घरोघरी पोहोचले.

अमेरिकेत १९५० मध्ये एच्. बर्लिंग्टन व व्ही. एफ्. लिंडमन यांनी लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांना डीडीटी टोचून त्यांचे वृषण व तुरे खुरटल्याचे दाखविले. बेर्टोल्ट यांच्या प्रयोगातील कोंबड्याचा तुरा शंभर वर्षांनी एका कीटकनाशकाचा गुणधर्म सांगत होता. डीडीटीचा रेणू डॉड्झ यांच्या संयुगाशी मिळताजुळता आहे, असेही या संशोधकांनी निदर्शनास आणले. त्या वेळी हिवतापाविरुद्ध डीडीटी हे मोठे वरदान ठरत होते आणि या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई हे संयुग पौरुषजन हॉर्मोनाच्या ग्राहींना अडविते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले.

भारतातील पार्श्वभूमी : संततिनियमनाचा प्रश्न महाराष्ट्रात विज्ञानाच्या आधी समाजसुधारणेच्या अंगाने आला. र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले व १९२७ पासून अखेरपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व संघाची स्थापना १९५२ मध्ये मुंबईतील परिषदेतच झाली व त्याच सुमारास भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. साधने तपासण्याची शास्त्रीय सोय असावी, म्हणून १९५४ मध्ये परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात संततिप्रतिबंधक साधनांच्या चाचणीचे एक पथक सुरू झाले. त्यातूनच पुढे १९७० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था उदयास आली. शांता राव या तिच्या पहिल्या संचालक होत. राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने ती आज ओळखली जाते.

या काळात पुरुषाला दोनच मार्ग उपलब्ध होते : निरोध व नसबंदी. आणीबाणीच्या काळात १९७६-७७ या एका वर्षात देशात सु. ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या व त्यांपैकी सु. ६२ लाख पुरुषांवरील होत्या. या सक्तीची प्रतिक्रिया इतकी तीव्र उमटली की, त्यानंतर पुरुष नसबंदीचे प्रमाण घसरले ते पुन्हा वर आले नाही. शस्त्रक्रियेचा भार जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांवर पडला. पुरुषासाठी परतवता येणारे औषधी साधन शोधण्याच्या प्रयत्नांस भारतात केवळ वैज्ञानिकच नव्हे, तर सामाजिक निकडही होती.

दिल्ली विद्यापीठातील एम्. आर्. एन्. प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये सायप्रोटेरोन ॲसिटेट या पौरुषजनविरोधी संयुगाच्या सूक्ष्म मात्रा सिलिकोन रबराच्या नळीतून पांढऱ्या उंदरांच्या त्वचेखाली सतत झिरपत ठेवून त्यांची जननक्षमता रोखून दाखविली. शुक्राणू ज्या अधिवृषणात पक्व होतात तो अवयव पौरुषजनाच्या अभावाला फार संवेदनशील असल्याने, वृषणाला न दुखविता केवळ शुक्राणूंची पक्वता रोखता येईल, हा त्यामागील विचार होता. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत एन्. आर्. मुदगल यांनी टोपी माकडांत पुटक-उद्दीपक हॉर्मोनाविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण करून जननक्षमता घटविण्याचे प्रयोग केले.

परळ येथे ए. आर्. शेठ व सहकाऱ्यांनी इन्हिबिन या घटकाचा शोध घेतला. पोष ग्रंथीच्या पुटक-उद्दीपक हॉर्मोनाला आवर घालणाऱ्या, वृषणातील जलविद्राव्य घटकाला हे नाव डी. आर्. मॅकलॉ यांनी १९३२ मध्ये दिले होते. शेठ यांच्या गटाने १९८४ मध्ये मानवी रेतद्रवापासून अशी क्रिया दर्शविणारे ९४ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे केले. ते मुख्यत्वे अष्ठीला ग्रंथीत तयार होणारे निराळे प्रथिन असल्याचे पुढे दिसून आले. वृषण व अंडाशय यांतील इन्हिबिन हे दोन उपघटकांचे प्रथिन असून त्याची ओळख १९८५ मध्ये अन्यत्र पटली. परळच्या प्रथिनाचा अभ्यास मात्र वाया गेला नाही. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाच्या संदर्भात त्याला वेगळे महत्त्व प्राप्त झाले.

प्रयोगाची रीत : पांढऱ्या उंदरात आदिकोशिकेपासून शुक्राणू तयार होण्यास सु. ५२ दिवस लागतात व त्यानंतर अधिवृषणातून पार होण्यास सुमारे आठवडाभर लागतो. म्हणून संयुग निदान ६० दिवस दिल्याखेरीज त्याचा संपूर्ण परिणाम कळू शकत नाही. त्याहून थोड्या दिवसांच्या प्रयोगात अपत्ये नेहमीसारखी झाली, तर ती संयुगाच्या निर्दोषपणामुळे की आधीच साठलेल्या शुक्राणूंमुळे, हे सांगता येत नाही. बडविलेल्या खोंडाच्या बाबतीत शेतकऱ्याला येणारा अनुभव तो हाच.

नराला संयुग दिल्यानंतर त्याला संयुग न दिलेल्या माद्यांकडे सोडतात. मादी गाभण राहिली किंवा नाही, एवढेच पाहून भागत नाही. गर्भकाळाच्या उत्तरार्धात तिच्या अंडाशयावरील पीतपिंड मोजले म्हणजे किती अंडी बाहेर पडली हे कळते. गर्भाशयातील रोपणाच्या जागा मोजल्या म्हणजे किती भ्रूण रुजले हे कळते. आणि जिवंत गर्भ मोजले म्हणजे किती तगले हे कळते. पहिल्या दोन आकड्यांतील फरक म्हणजे रोपणपूर्व हानी व नंतरच्या दोहोंतील फरक म्हणजे रोपणोत्तर हानी होय. संयुग फक्त नराला दिलेले असल्याने ही सर्व हानी पित्याच्या द्वारे झालेली असते. शेवटी संयुग थांबवून जननक्षमता पूर्ववत होते किंवा नाही, हेही पाहतात.

अशा प्रयोगांवर भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० व त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार देखरेख असते.

टॅमॉक्सिफेनवरील संशोधन : टॅमॉक्सिफेनाचा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडमधील एका रासायनिक कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये ते प्रथम तयार केले. मादी उंदरांत ते गर्भधारणा रोखते असे आढळल्याने स्त्रियांसाठी संततिप्रतिबंधक म्हणून त्याचा विचार झाला. परंतु स्त्रियांत त्याने उलट अंडमोचनाला चालना मिळाली. अखेर १९७० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगावरील औषध म्हणून ते स्थिरावले. स्त्रीमदजनाच्या ग्राहींना ते चिकटते. पण ग्राही अडविते की चेतविते, हे प्राण्याच्या जातीवर व ऊतकावर अवलंबून असते. कोंबडीच्या पिलात ते पूर्णपणे विरोधी, उंदरात अंशतः विरोधी व अंशतः अनुकारी असे वागते.

परळ येथील संस्थेतील एम्. के. गिल-शर्मा, एन्. बालासिनोर व सहकाऱ्यांनी टॅमॉक्सिफेन प्रौढ नर उंदरांना तोंडावाटे देऊन त्याच्या परिणामांचा अभ्यास केला व १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे रोज ०·४ मिग्रॅ. या मात्रेने ६० दिवस औषध दिल्यावर नरांची जननक्षमता घटली. पीतपिंडकारक हॉर्मोन व टेस्टोस्टेरोन यांची पातळी उतरली. संततिप्रतिबंधक म्हणून हे यश आशादायक वाटण्यासारखे होते. परंतु माद्यांच्या गर्भाशयांची मोजदाद केल्यावर चित्र पालटले. फलन होऊन रुजलेल्या भ्रूणांपैकी बरेचसे गर्भकाळाच्या मध्यावर मरून विरघळून जात होते. म्हणजे नर वंध्य झाला नव्हता. तो सदोष शुक्राणू देत होता आणि त्याचा परिणाम मादीच्या उदरात प्रकट होत होता.

हे कसे घडते, याचा शोध पुढील काळात बालासिनोर यांच्या गटाने घेतला. काही जीनांवर आई किंवा बाप यांच्याकडून आल्याची रासायनिक खूण असते व त्यानुसार ती जीने भ्रूणात चालू किंवा बंद राहतात. गर्भाच्या व वारेच्या वाढीस आवश्यक असलेले इन्शुलिनसदृश वृद्धिघटक-२ याचे जीन बापाकडून आलेले असेल तरच कार्य करते. टॅमॉक्सिफेन दिलेल्या नरांच्या शुक्राणूंत या जीनाच्या शेजारील नियंत्रक भागावरील मिथिल गटांची खूण कमी झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविण्यात आले. विरघळून गेलेल्या भ्रूणांतही ही उणीव दिसली. जीनांचा मूळ क्रम तसाच राहूनही संयुगाचा ठसा शुक्राणूंमार्फत पुढील पिढीपर्यंत पोहोचू शकतो, असा याचा अर्थ होतो.

याच गटाने स्त्रीमदजनाची वृषणातील पातळी वाढवून केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. पक्व शुक्राणू सेर्टोली कोशिकेपासून सुटे होऊन नलिकेच्या पोकळीत पडावयास हवेत. परंतु ज्या सूक्ष्म नळीसारख्या रचनांमुळे ही सुटका होते त्या विस्कळित झाल्याने शुक्राणू तयार होऊनही जागच्या जागी अडकून पडले. नराच्या शरीरात स्त्रीमदजन अल्प प्रमाणात आवश्यक असते. त्याचा अभाव व अतिरेक हे दोन्ही बाधक ठरतात.

संततिप्रतिबंधकाच्या दृष्टीने या निष्कर्षांचे महत्त्व मोठे आहे. पुरुषासाठी बनविलेल्या औषधाने शुक्राणू अर्धवट कमी झाले व उरलेले सदोष निघाले, तर त्याची किंमत स्त्रीला गर्भपाताच्या रूपाने मोजावी लागेल. अशा औषधाची कसोटी शुक्राणूंच्या संख्येवर संपत नाही. गर्भाची हानी होत नाही याचीही खातरजमा करावी लागते.

पर्यावरणातील संयुगे : परळ येथेच जी. वनगे व सहकाऱ्यांनी डॉड्झ यांच्या यादीतील बिस्फिनॉल-ए या संयुगाचा उंदरांवरील परिणाम अभ्यासला. गाभण माद्यांना गर्भकाळाच्या १२ व्या दिवसापासून पिले अंगावर पीत असेपर्यंत दर किग्रॅ. वजनामागे १·२ व २·४ मायक्रोग्रॅ. इतक्या अल्प मात्रा देण्यात आल्या. त्यांची नर पिले प्रौढ झाल्यावर त्यांच्यात शुक्राणूंची संख्या व हालचाल कमी असल्याचे व त्यांच्यापासून गाभण राहिलेल्या माद्यांत रोपणोत्तर हानी वाढल्याचे आढळले. हा परिणाम पुढील पिढ्यांतही दिसला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत संयुग प्रौढ नराला मुळीच दिलेले नव्हते. वृषण घडत असताना झालेला अल्पकालीन संपर्क प्रौढपणी फळास येतो, हा त्यांचा मथितार्थ होय. लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत या संयुगाचा वापर करण्यास यूरोपीय संघाने २०११ मध्ये बंदी केली.

कीटकनाशकांच्या बाबतीत भारतात एंडोसल्फानाचे प्रकरण गाजले. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर त्याची वर्षानुवर्षे हवाई फवारणी झाली होती. तेथील शाळकरी मुलांचा अभ्यास अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेतील संशोधकांनी केला. त्यात मुलग्यांची लैंगिक परिपक्वता लांबल्याचे २००३ मध्ये नोंदविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या कीटकनाशकाच्या उत्पादनास व वापरास मनाई केली. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांसारख्या द्राक्षे, टोमॅटो व इतर भाजीपाल्याच्या बागायती भागांत फवारणी हा शेतीचा नित्याचा भाग आहे. त्यामुळे अशा अभ्यासांचा संबंध दूरच्या प्रयोगशाळेपेक्षा फवारणी करणाऱ्याच्या घराशी अधिक जवळचा आहे.

प्राण्यांवरील निष्कर्षांकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचे उदाहरण डायब्रोमोक्लोरोप्रोपेन या सूत्रकृमिनाशकाचे आहे. हे संयुग हॉर्मोनसदृश नसून शुक्राणूंच्या आदिकोशिकांना थेट मारक आहे. तथापि त्याचा धडा सर्वच संयुगांना लागू पडतो. उंदरांचे वृषण त्यामुळे आक्रसतात, हे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही त्याचे उत्पादन चालू राहिले. कॅलिफोर्नियातील एका कारखान्यातील कामगारांना आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत हे लक्षात आल्यावर १९७७ मध्ये त्यांची तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या रेतात शुक्राणूच उरले नव्हते.

मानवाच्या बाबतीत मर्यादा : उंदरावरून माणसाविषयी अनुमान काढताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे नर उंदराजवळ शुक्राणूंचा साठा गरजेच्या मानाने फार मोठा असतो. त्यातील बराच मोठा हिस्सा नष्ट झाला, तरी त्याला नेहमीइतकी पिले होतात. माणसात हा राखीव साठा अल्प असतो. म्हणून उंदराची जननक्षमता टिकली, एवढ्यावरून संयुग माणसाला निर्धोक ठरत नाही. दुसरी म्हणजे जातीजातींमधील फरक. टॅमॉक्सिफेनाने उंदरांत पीतपिंडकारक हॉर्मोन व टेस्टोस्टेरोन उतरतात, तर पुरुषांत ती चढतात. इतकी की, शुक्राणू कमी असणाऱ्या पुरुषांवर उपचार म्हणून डॉक्टरांनी ते वापरलेले आहे. तिसरी म्हणजे मात्रा व वय. प्रौढाला न बाधणारी मात्रा गर्भस्थ किंवा नवजात जीवाला बाधू शकते.

सद्यःस्थिती : मूर व प्राइस यांच्या तत्त्वावर आधारलेली पुरुषांवरील मोठी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने केली व तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन एनँथेट टोचले, तेव्हा १५७ जणांच्या रेतातून शुक्राणू पूर्णपणे नाहीसे झाले व त्यांच्या जोडीदारांत वर्षभरात एकच गर्भधारणा झाली. म्हणजे तत्त्व खरे ठरले. पण दर आठवड्याची सुई व सर्वांवर सारखा परिणाम न होणे या अडचणी राहिल्या. टेस्टोस्टेरोनाला प्रगर्भरक्षी संयुगाची जोड देणारी ३२० पुरुषांवरील दुसरी चाचणी मनःस्थितीतील बदलांसारख्या दुष्परिणामांमुळे २०११ मध्ये थांबविण्यात आली. त्वचेवर चोळावयाच्या, दोन हॉर्मोने असलेल्या मलमाची चाचणी २०१८ पासून काही देशांत घेण्यात आली. पुरुषांसाठीचे हॉर्मोनयुक्त संततिप्रतिबंधक मात्र अद्याप बाजारात आलेले नाही.

बेर्टोल्ट यांच्या कोंबड्यांपासून परळच्या पांढऱ्या उंदरांपर्यंतच्या या संशोधनाने एक समजूत कायमची बदलली. संततीचे आरोग्य केवळ मातेच्या शरीरावर अवलंबून असते, असे दीर्घकाळ मानले जाई व मूल न होणे किंवा गर्भ न टिकणे याचा दोष स्त्रीकडे जाई. गर्भधारणेपूर्वीच्या काही आठवड्यांत पित्याच्या शरीरात गेलेले संयुगही गर्भाचे भवितव्य ठरवू शकते, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांत आकड्यांनी सिद्ध झाले आहे. वारंवार होणाऱ्या गर्भपातांच्या कारणांचा शोध घेताना पतीच्या शुक्राणूंची तपासणी करण्याकडे संशोधकांचा कल वाढत आहे, तो याच ज्ञानाचा परिपाक होय.